फारामिर व्हिलन आहे का? (आणि पुस्तकाचा सिनेमा करताना काय बदललेलं चालवून घ्यायचं?)

कृष्णाकाठ

मंडळी,

धाग्याचं नाव बघून टोल्कीनवाले ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लेखकाचे भक्त) हातातलं काम टाकून येणार हे माहीत आहे. या, बसा.

भाचा (भावाचा मुलगा, सातवीत) सुट्टीला मिरजेला आमच्याकडे आलाय. माझं कॉलेजसमोर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. परीक्षेचे दिवस सोडले तर दुपारी माशा मारायच्या, त्यामुळे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची माझी पारायणं काउंटरमागेच झाली. सध्या रात्री दुकान बंद करून आले की आम्ही दोघं सिनेमे बघतो. परवा 'द टू टॉवर्स' चालू होता. फारामिर फ्रोडो आणि सॅमला कैदी करून ऑस्गिलियथकडे निघाला आणि भाचा म्हणाला, "आत्तू, हा व्हिलन ना? बोरोमिरचा भाऊ म्हणजे तसलाच असणार."

म्हटलं, अरे नाही, हा तर पुस्तकातल्या सगळ्यात सज्जन माणसांपैकी एक.

"मग कैदी करून कशाला नेतोय?"

आता काय बोलणार, कपाळ!

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गोष्ट एका दुष्ट जादूच्या अंगठीची. ती नष्ट करायला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम हे दोन बुटके (हॉबिट) निघालेत. बोरोमिर त्यांचाच सोबती, अंगठीच्या मोहात पडलेला. फारामिर त्याचा भाऊ, गोंडोर या माणसांच्या राज्याचा सेनापती. दुसऱ्या खंडात 'द विंडो ऑन द वेस्ट' नावाचं प्रकरण आहे. धबधब्यामागची गुहा, तिथे फारामिरची माणसं या दोघांना डोळे बांधून आणतात. जेवणाआधी सगळे सैनिक उठून पश्चिमेकडे तोंड करतात आणि क्षणभर गप्प उभे राहतात. फ्रोडोला एकदम आपण गावंढळ असल्यासारखं वाटतं. (ही ओळ मला फार आवडते. शहरातल्या लग्नात पंगतीला बसल्यावर मला अगदी असंच होतं.) मग जेवण, मग गप्पा. फारामिर आडवळणाने विचारतोय, फ्रोडो सांभाळून उत्तरं देतोय. आणि सॅम, पोटात अन्न आणि वारुणी गेल्यामुळे जीभ सैल झालेली, एल्फ लोकांच्या गॅलाड्रिएल राणीचं कौतुक करता करता बोरोमिरवर घसरतो आणि अंगठीचं बोलून जातो.

फारामिर उठून उभा राहतो. म्हणजे हे होतं तर! बोरोमिरने जी बळजबरीने घ्यायला बघितली ती अंगठी! आता दोन बुटके माझ्या ताब्यात, माझी माणसं हाकेच्या अंतरावर. गोंडोरच्या सेनापती फारामिरला आपलं पाणी दाखवायची संधी! असं काहीसं तो म्हणतो. फ्रोडो-सॅम स्टुलांवरून उडी मारून भिंतीला पाठ लावतात, तलवारींच्या मुठी चाचपतात. गुहेतलं बोलणं थांबतं, सगळे यांच्याकडे बघायला लागतात.

आणि फारामिर परत खाली बसतो आणि हळूच हसायला लागतो.

ही वस्तू रस्त्याकडेला पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, असं तो आधीच बोलून गेलेला असतो. तेव्हा ती नक्की काय आहे हे त्याला कळलेलंही नसतं. कळल्यावर तो बोललेलं पाळतो, झालं. दुसऱ्या दिवशी शिधा आणि चालायला दोन काठ्या देऊन त्यांना वाटेला लावतो.

सिनेमात हेच 'पाणी दाखवायची संधी'वालं वाक्य ठेवलंय. फक्त तो ते तलवारीचं टोक फ्रोडोच्या गळ्यातल्या साखळीला लावून म्हणतो.

मी कट्टर वगैरे नाही. टॉम बॉम्बाडिलला उडवला, माझी तक्रार शून्य. पहिल्यांदा वाचताना मीही तिथे पानं उलटली होती. बिल्बोच्या वाढदिवसापासून फ्रोडो निघेपर्यंत पुस्तकात 17 वर्षं जातात आणि निघताना फ्रोडो पन्नाशीचा असतो. सिनेमात कोवळा पोरगा घेतला, चालेल. नदीपाशी ग्लोरफिंडेलच्या जागी आर्वेन आणली त्यावरून लोक अजून भांडतात, मला तर ते आवडलंच. नाहीतरी ग्लोरफिंडेल घोडा देतो आणि नंतर सभेत बसून राहतो. शेवटचं शायरमधलं (म्हणजे हॉबिटांच्या गावाकडचं) प्रकरण गेलं त्याचं वाईट वाटतं, पण तीन तास बसून आधीच अवघडलेल्या माणसाला अजून एक लढाई कशी दाखवणार, हेही समजतं.

फारामिर मात्र पचत नाही. आणि तिसऱ्या भागात पोळीच्या चुऱ्यावरून (लेम्बास, म्हणजे एल्फ लोकांची प्रवासातली भाकरी, पोळी नव्हे, माहीत आहे) फ्रोडो सॅमला घरी जा म्हणतो, तेही नाही. पुस्तकात ते दोघं शीलॉब या राक्षसी कोळिणीच्या बोगद्यात एकत्र शिरतात.

तर दोन प्रश्न.

एक, अमुक बदल चालतो आणि तमुक चालत नाही, याला तुमच्याकडे काही नियम आहे का, की ज्याचं जे लाडकं त्याने त्यावरून रडायचं?

दोन, भाच्याला आता पुस्तकाकडे कसं वळवू? इंग्रजी बऱ्यापैकी वाचतो. मुग्धा कर्णिक यांचा मराठी अनुवादही घरात आहे. पण त्याच्या डोक्यात आता सगळ्यांचे चेहरे ठरून गेलेत.

---

उंटावरचा शहाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

कात्रीवाला

कृष्णाकाठ ताई, मी एडिटिंग करतो. गोरेगावात, मालिकांचं, त्यामुळे टोल्कीनशी संबंध बेताचा. पण फारामिरच्या वतीने थोडं बोलतो, कारण हा प्रॉब्लेम आमच्या टेबलावर रोज असतो.

पहिली गोष्ट, दुसरा खंड पुस्तकात दोन तुकड्यांत आहे. आधी अरागॉर्न (गोंडोरच्या गादीचा वारस) वगैरे मंडळींचं सगळं संपतं, मग फ्रोडो-सॅमचं चालू होतं. वाचताना ठीक आहे. सिनेमात दोन्ही एकमेकांत विणावे लागतात, नाहीतर हीरो दीड तास गायब. आता विणायला बसलात की एका बाजूला हेल्म्स डीपची लढाई आहे, पाऊस, शिड्या, हजारो ऑर्क. दुसऱ्या बाजूला गुहेत तीन माणसं स्टुलांवर बसून गप्पा मारतायत. लढाईतून या गप्पांवर कट केला की थिएटरमधला माणूस मोबाइल काढतो. (2002 साली काढत नव्हता, बाहेर जाऊन समोसा आणत होता.)

दुसरं म्हणजे शीलॉब. पुस्तकात तो कोळिणीचा प्रसंग दुसऱ्या खंडाच्या शेवटी आहे. तो तिसऱ्या सिनेमात ढकलला, कारण घटनांच्या तारखा लावल्या तर तो गोंडोरच्या राजधानीच्या, मिनास तिरिथच्या वेढ्याच्या आसपास पडतो. मग दुसऱ्या सिनेमात फ्रोडोला क्लायमॅक्सच उरत नाही. काहीतरी तयार करणं भाग होतं. ऑस्गिलियथ तिथून आलं.

तिसरं कारण करणाऱ्यांनीच सांगितलंय. पहिला अख्खा सिनेमा आपण प्रेक्षकाच्या डोक्यात भरवला की अंगठी भल्याभल्यांना नासवते. गॅन्डाल्फ तिला हात लावायला घाबरतो. बोरोमिर तिच्यापायी गेला. आणि आता एक माणूस येतो आणि म्हणतो, नको मला. त्या क्षणी अंगठीची सगळी भीती पंक्चर.

आणि तो शेवटी त्यांना सोडतोच की. सोडलं तर जीव जाईल हे माहीत असून सोडतो. घसरला आणि सावरला असा माणूस पडद्यावर जास्त चालतो, पहिल्यापासून संत असलेल्या माणसाचं करायचं काय?

अवांतर: ऑस्गिलियथमध्ये सॅमच्या तोंडी एक वाक्य आहे, की खरं तर आपण इथे असायलाच नको होतं. पुस्तकात ते तिथे जातच नाहीत. लिहिणाऱ्यांनी स्वतःलाच काढलेला चिमटा आहे तो. म्हणजे त्यांनाही कळत होतं आपण काय करतोय ते.

---

कृष्णाकाठ

कात्रीवाले, शीलॉबचं पटलं. विणकामाचंही पटलं. सॅमच्या वाक्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता दर वेळी हसू येणार.

पण तिसरं कारण मला कधीच पटलेलं नाही. 'नको मला' म्हटल्याने अंगठीची भीती जाते, तर पहिल्या सिनेमात गॅलाड्रिएल काय करते? फ्रोडो तिला अंगठी देऊ करतो, ती हिरवीनिळी, भयंकर होते, आणि मग परत साधी होऊन नको म्हणते. तिथे भीती गेली का? उलट वाढली. त्याहून मोठं उदाहरण म्हणजे शेवटी अरागॉर्न. फ्रोडो तळहातावर अंगठी ठेवून त्याच्यासमोर उभा आहे, अरागॉर्न गुडघ्यावर बसतो आणि फ्रोडोची मूठ स्वतःच्या हाताने बंद करतो. हे पुस्तकात नाही! पुस्तकात फ्रोडो एकटा निघून गेल्यावर त्यांची भेटच होत नाही. सिनेमावाल्यांनी ते पदरचं घातलंय, आणि माझ्या मते तो तिन्ही भागांतला सर्वांत सुंदर प्रसंग आहे. काही मिनिटांत नकारही दिसतो, मोहही दिसतो, माणूसही कळतो.

म्हणजे जमत होतं. अरागॉर्नला जे दिलं ते त्याच लोकांनी फारामिरला का दिलं नाही?

आणि संत हा शब्द परत घ्या. पुस्तकातला फारामिर संत नाहीये, तो दमलेला आहे. लढाईचा कंटाळा आलेला, पुस्तकं आणि गाणी आवडणारा, आणि त्यासाठी बापाच्या मनातून उतरलेला. त्याला अंगठी नको, कारण ती जिंकून देईल ते गोंडोर त्याला नकोय. हे मोह नसण्यापेक्षा वेगळं आहे. असली माणसं घराघरात असतात.

'घसरला आणि सावरला' हे मात्र प्रत्येकालाच लावायचं असं ठरलंय का हो तुमच्याकडे? सिनेमात अरागॉर्नला राजा व्हायचं नाहीये, ट्रीबियर्ड या चालत्याबोलत्या झाडाला आधी लढायचं नाहीये, फारामिरला आधी सोडायचं नाहीये. पुस्तकात अरागॉर्न मोडलेली तलवार बाळगत फिरतो आणि आपण कोण आहोत हे ठणकावून सांगतो. सगळेच कसे एका साच्यातले गणपती.

---

कात्रीवाला

गणपतीचं मान्य. आमच्याकडे त्याला 'ग्राफ' म्हणतात. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न, कॅरेक्टरचा ग्राफ काय? ज्याला ग्राफ नाही त्याचे सीन कापायचे. खलनायिकेच्या धाकट्या जावेला ग्राफ नव्हता म्हणून एका मालिकेत आम्ही तिला नाशिकला पाठवली, ती परत आलीच नाही.

अरागॉर्नच्या मुठीचा मुद्दा चांगला आहे, उत्तर नाही.

---

खालची आळी

फारामिरला निदान शेवटी सोडायला तरी मिळालं. हॅरी पॉटरवाल्यांकडे बघा.

चौथं पुस्तक. गॉब्लेटमधून हॅरीचं नाव येतं. डंबलडोर त्याला 'शांतपणे' विचारतो, तू नाव टाकलंस का? पुस्तकात शांतपणे असं लिहिलंय हो! 2005 च्या सिनेमात तो धावत येऊन पोराला धरून गदागदा हलवतो. माझ्या वयाच्या सगळ्यांना ते एक क्रियाविशेषण पाठ आहे.

तिसऱ्या भागात पाय मोडलेला रॉन उभा राहून म्हणतो, हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारा. सिनेमात ते वाक्य हर्मायनीला. रॉनला काय दिलं? कण्हणं.

आणि शेवट. पुस्तकात जगातली सर्वांत ताकदवान कांडी हॅरीच्या हातात येते, तो तिने एकच काम करतो, स्वतःची मोडलेली जुनी कांडी जोडतो. मग म्हणतो ही जिथली तिथे ठेवून देतो. 2011 च्या सिनेमात कट्कन मोडून पुलावरून फेकली. स्वतःची न जोडता! अरे, आता तू जादू कशाने करणार?

ताई, भाचा सातवीत आहे ना, मग पर्सी जॅक्सन द्या. पुस्तकात पर्सी 12 चा आहे, 2010 च्या सिनेमाने त्याला 16 चा केला आणि सगळी मजा घालवली. लेखक रिक रायर्डन त्यावर उघडपणे चिडला होता. 2023 पासून आलेल्या मालिकेत तो स्वतः आहे आणि पोरं पोरांच्या वयाची आहेत. पण तुमच्या भाच्याने सिनेमा पाहिला नसेल तर आधी पुस्तक, प्लीज.

---

सातासमुद्रापार

कृष्णाकाठ, नियम काय हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळतोय. माझं उदाहरण अर्थसीचं.

न्यू जर्सीत आल्यावर इथल्या लायब्ररीत अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' हाती लागलं. 1968 चं पुस्तक. गेड नावाचा पोरगा, गोंट बेटावरच्या एका खेड्यात कासाराच्या घरी जन्मलेला, आई नाही, मावशी चेटकीण. पुष्कळ पानं वाचल्यावर मी थांबले आणि मागे गेले. गेडचा रंग तांबूस-तपकिरी लिहिलाय. त्याचा जिवलग मित्र व्हेच, तो काळा. गोरे कोण, तर पहिल्याच प्रकरणात गावावर चालून येणारे कार्ग लोक. बाईंनी याचा गवगवा केलेला नाही. सहज, जाता जाता लिहिलंय. मी शाळेपासून जेवढी जादूची पुस्तकं वाचली त्यात आपल्यासारखा दिसणारा माणूस फार तर गारुडी किंवा दुष्ट वजीर असायचा. इथे तो नायक होता आणि त्याबद्दल कुणी काही बोलतही नव्हतं.

2004 ला साय-फाय चॅनलने याची छोटी मालिका केली. गेड गोरा. बहुतेक सगळे गोरे. गेडचा गुरू ओगिअन, त्या कामाला तेवढे डॅनी ग्लोव्हर. उलट नायिका टेनार पुस्तकात गोरी आहे, ती द्यायची पाळी आली तेव्हा आईकडून चिनी वंशाची क्रिस्टिन क्रूक घेतली! बाईंनी 'स्लेट'मध्ये सणसणीत लेख लिहिला. करारात त्यांना सल्लागार म्हटलं होतं, पण त्या शब्दाचा अर्थ निर्माते ठरवतील तो, म्हणजे बहुधा काहीच नाही, असं त्यांनी लिहिलंय.

पण रंग हा अर्धाच भाग. या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते अगदी जिवाभावाच्या माणसालाच सांगायचं. रोज वापरायला दुसरं. याचं खरं नाव गेड, हाक मारायचं नाव स्पॅरोहॉक. मालिकेने ही दोन्ही नावं उलटी केली. म्हणजे सगळं गाव त्याला गेड म्हणून हाका मारतंय! ज्यांनी हे केलं त्यांनी पुस्तक चाळलं तरी होतं का?

कारण शेवट त्या नावावर आहे. गेडने गर्वापायी एक सावली मोकळी सोडलेली असते, ती त्याच्या मागे लागते, मग तो तिच्या मागे लागतो, आणि समुद्राच्या पार टोकाला दोघं समोरासमोर येतात. लढाई नाही. तो तिला तिचं नाव घेऊन हाक मारतो आणि ते नाव असतं गेड. संपलं पुस्तक. मालिकेत मात्र एक दुष्ट राजा आहे, सैन्य आहे, गेड-टेनारचं प्रेमप्रकरण आहे.

पुढे 2006 ला स्टुडिओ जिब्लीने केला, गोरो मियाझाकीचा पहिलाच सिनेमा. दिसायला सुरेख. बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं, हे माझं पुस्तक नाही, हा तुझा सिनेमा आहे, चांगला सिनेमा आहे. किती सभ्य! पण नंतर आपल्या वेबसाइटवर लिहिलं त्यात खरं दुखणं होतं. सगळा दुष्टपणा एका खलनायकात भरला, त्याला मारलं की प्रश्न सुटला. माझी पुस्तकं तशा युद्धाची नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आता तुमचा फारामिर, आळीतल्यांचा हॅरी आणि माझा गेड एका रांगेत उभे करा. एक जण अंगठी घेत नाही, एक कांडी ठेवून देतो, एक तलवार उपसत नाही. तिघांचीही गोष्ट 'न करण्यावर' उभी आहे. सिनेमा नेमका तिथे काहीतरी करून दाखवतो. माझा नियम म्हणाल तर हा: बॉम्बाडिल काढा, घोडे बदला, वय कमी करा, पण ज्या क्षणी माणूस हात मागे घेतो, त्या क्षणाला हात लावू नका.

---

खालची आळी

+१. आणि दंडवत. अर्थसी आज रात्री सुरू करतोय.

---

उंटावरचा शहाणा

एवढ्या लांब जाऊ नका. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'चंद्रकांता' बघितलेल्यांनी हात वर करा.

देवकीनंदन खत्रींची कादंबरी 1888 ची. त्यातले अय्यार म्हणजे वेषांतर, बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणायला लखलखा हुंगवणं आणि बाकी डोकं. तिलिस्म, म्हणजे तो भूलभुलैयासुद्धा, कळसूत्री, कुठली कळ दाबली की कुठला दगड सरकतो असा प्रकार. 1994 च्या मालिकेत काय काय उडायला लागलं ते आठवतंय ना? मी मोठेपणी कादंबरी वाचली आणि निम्मं पुस्तक क्रूरसिंग 'यक्कू' कधी म्हणतो याची वाट बघण्यात गेलं. म्हणत नाही. मला पुस्तकवाल्यांनी फसवलं असं वाटलं. माझा संताप उलट्या दिशेचा आहे, पण आहे.

---

पेन्शनर

चर्चा उत्तम चालू आहे. टोल्कीन यांच्या पत्रांचा संग्रह 1981 साली प्रसिद्ध झाला, त्यातून थोडी भर घालतो.

फारामिर कसा आला ते एका पत्रात आहे. 1944 साल. धाकटा मुलगा क्रिस्टोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत. बाप लिहील तशी प्रकरणं त्याला टपालाने पाठवतो. एका पत्रात कळवतो, की एक नवीन पात्र आलं आहे, मी त्याला निर्माण केलं नाही याची मला खात्री आहे, मला तो नकोही होता, पण इथिलियनच्या रानातून चालत आला, बोरोमिरचा भाऊ. पुढे अन्यत्र त्यांनी असंही लिहून ठेवलं आहे, की माझ्यासारखा कोणी या पुस्तकात असेलच तर तो फारामिर.

हाच क्रिस्टोफर 2012 साली, ऐंशी उलटून गेल्यावर, 'ल मोंद' या फ्रेंच वृत्तपत्राशी बोलला. पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी मारधाडपट करताना त्यांनी पुस्तकाचा कोथळा काढला, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. लोकांनी त्याला तिरसट म्हातारा ठरवलं. पण ज्याला फारामिर पहिल्यांदा पत्रातून भेटला तो माणूस ऑस्गिलियथचं दृश्य कोणत्या डोळ्यांनी पाहत असेल, याचा विचार व्हावा.

आता व्यवहार. टोल्कीन यांचं धोरण साफ होतं: कला किंवा रोकड. एक तर भरपूर पैसे द्या, नाहीतर नको ते बदल अडवण्याचा पूर्ण अधिकार द्या. 1958 मध्ये एका प्रस्तावित सिनेमाचा आराखडा त्यांच्याकडे आला, त्यावर त्यांनी ओळ न् ओळ तपासून टिपण केलं. ते वाचताना जुन्या हेडमास्तरांची आठवण येते. तो सिनेमा झाला नाही. 1969 मध्ये हक्क युनायटेड आर्टिस्ट्सला विकले गेले, म्हणजे अखेर रोकड. त्यामुळे सिनेमांचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी काही चोरलं वगैरे आरोप करू नयेत.

त्या 1958 च्या टिपणात कृष्णाकाठ यांना हवा तो नियम आहे. कथा सांगण्याचे नियम माध्यमागणिक अगदीच वेगळे असू शकत नाहीत. वाईट सिनेमे फसतात ते बहुधा अतिशयोक्तीमुळे आणि नको ती भर घातल्यामुळे, आणि हे होतं मूळ कृतीचा गाभा कुठे आहे ते न उमगल्यामुळे. कात्रीवाले यांच्या पहिल्या मुद्द्याला हे परस्पर उत्तर आहे असं मला वाटतं.

लेखकाने कोर्टात जाऊन काही होतं का, तर मिशाएल एंडे यांनी 'नेव्हरएंडिंग स्टोरी'च्या 1984 च्या सिनेमाविरुद्ध जाऊन पाहिलं. हरले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून स्वतःचं नाव काढून घेतलं, एवढंच हाती लागलं.

---

कात्रीवाला

पेन्शनर काका, माझा मुद्दा माध्यमाचा कमी आणि तिकिटाचा जास्त होता. गाभा उमगूनही तो विकला जाणार नाही असं वाटलं की मीटिंगमध्ये काय होतं ते मी बघितलंय. टोल्कीन साहेबांना मीटिंगला बसावं लागलं नाही.

बाकी क्रिस्टोफरचं माहीत नव्हतं. ते जोडून बघितल्यावर जरा जड वाटलं खरं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सातासमुद्रापार, तुमचा नियम मी दुकानातल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलाय. तरी एक शंका आहेच. फ्रोडो शेवटी डोंगरावर अंगठी टाकत 'नाही', आणि सिनेमातही टाकत नाही. तिथे त्यांनी गाभा सोडलेला नाही, फक्त शेवटी गॉलमशी (अंगठीच्या मागे लागलेला तो प्राणी) झटापट वाढवली. म्हणजे सगळ्यात मोठा क्षण त्यांनी जपला आणि मधला मोडला. हे का, मला सांगता येत नाही.

भाच्याचं सांगते. पुस्तक हातात दिलंच नाही. काल दुपारी दुकानात बसवून 'द विंडो ऑन द वेस्ट' मीच वाचून दाखवलं, अर्धं इंग्रजीतून, अर्धं तोंडाला येईल तसं मराठीत. मध्ये एक मुलगा प्रोजेक्टचं स्पायरल बाइंडिंग करायला आला, तोही काउंटरला टेकून ऐकत उभा राहिला. फारामिर उठून उभा राहतो तिथे मी मुद्दाम थांबले आणि बाइंडिंगचं मशीन चालवायला गेले. भाचा ओरडला, "आत्तू, नंतर कर ना ते!"

वाचून झाल्यावर म्हणाला, "हा वेगळाच माणूस आहे." आणि लगेच, "सिनेमातला पण चांगला आहे पण." बरं बाबा. गोंडोरच्या इतिहासाची पानं आली तेव्हा मात्र त्याने सरळ जांभया दिल्या. आता पुढचं तळ्यातल्या गॉलमचं प्रकरण हवंय त्याला, कारण फारामिर बाण मारायला सांगतो की नाही हे आधी सांगायला मी नकार दिलाय.

---

उंटावरचा शहाणा

छान. आता मूळ प्रश्नाकडे वळू या. अंगठी नष्ट करायला गरुडांवर बसून थेट मॉर्डोरला (शत्रूच्या देशात) का गेले नाहीत?

---

खालची आळी

आला. कधीपासून वाट बघत होतो.

---

पेन्शनर

हाही विषय त्याच 1958 च्या टिपणात आहे. त्या आराखड्यात गरुडांची ने-आण भलतीच वाढवली होती. त्यावर टोल्कीन लिहितात, की गरुड हे धोकादायक साधन आहे, मी ते फार जपून वापरलं आहे आणि त्याच्या विश्वासार्हतेची तीच परिसीमा आहे. यापुढील चर्चेसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

---

उंटावरचा शहाणा

काढला.